न धुतलेली साडी घेऊन टिपेश्वरला

बाभुळगावच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरली तेव्हा माझ्याजवळ सामानाचे दोन डाग होते. मोठ्या गाठोड्यात माझ्या बायकोच्या, म्हणजे सुमनच्या साड्या, सगळ्या धुऊन इस्त्री केलेल्या. लहान पिशवीत एकच साडी. तीही सुमनचीच, पण न धुतलेली. दवाखान्यात नेलं त्या दिवशी तिने ती बदलून खुंटीला टांगली, ती तशीच. ही साडी मी कोणाला देणार नव्हतो. सोबत घेतली ती एवढ्यासाठी की घरी ठेवली असती तर सुनेने धुतली असती. सून चांगली आहे, पण मळकं दिसलं की तिचे हात शिवशिवतात. तिच्या लेखी माणसाचा वास म्हणजे मळच.

सुमन पोळ्याच्या आधी गेली. आता हरभऱ्याला घाटे धरले होते. तिची धाकटी बहीण कमल पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. तिचा फोन आला, "भाऊजी, ताईच्या जुन्या साड्या घेऊन या. वावराले बांधाच्या हायेत. पण धुतलेल्या नको आणजा."

बाहेरगावच्या माणसांसाठी सांगतो. वावर म्हणजे शेत. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकात शिरू नये म्हणून आमच्या भागात शेताच्या कडेने जुन्या साड्या बांधतात. जनावराला वाटतं माणसं उभी आहेत. निदान आपल्याला वाटतं की जनावराला तसं वाटतं. धुतलेल्या नको म्हणाली खरी, पण मी दडवलेली ती एक सोडून सुनेने तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्या धुऊन दोरीवर टाकल्या होत्या. मी म्हटलं, डुकराला काय कळतंय.

कंडक्टरने गाठोड्याकडे पाहिलं. "बाबा, साड्यायचं दुकान टाकून राह्यले काय?"

"नाई. डुकराईले नेसवाच्या हायेत."

त्याने तिकीट फाडून हातात दिलं.

यवतमाळला गाडी बदलली. पुढे साग सुरू होतो. हिवाळ्यात सागाच्या पानांना भोकं पडतात आणि झाड फाटकं धोतर नेसल्यासारखं दिसतं. मधल्या शेतांतून कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, पोटाला ओटी बांधलेल्या. या रस्त्याने सुमनला हमखास उलटी व्हायची, आणि उलटी झाली की लगेच भूक लागायची. मी तिला म्हणायचो, आधी खाऊ नको म्हणजे होणार नाही. ती म्हणायची, मग प्रवासात मजा काय राहिली. या वेळी शेजारच्या सीटवर एक माणूस झोपला होता आणि त्याची मान माझ्या खांद्यावर पडत होती. पडू दिली.

पांढरकवड्यात उतरलो तर जिकडे तिकडे वाघ. चहाच्या टपरीवर वाघ, सलूनवर वाघ, बियाण्याच्या दुकानावर वाघ. एका चपलेच्या दुकानावर तर वाघाचा पंजा काढला होता, जसा काही वाघ तिथे चपला घ्यायला येतो. पूर्वी या गावात वाघाचं नाव काढलं की माणसं दार लावत. आता दार उघडून गिऱ्हाईक बोलावतात.

ऑटोवाल्याने विचारलं, "काका, सफारी?"

"साळीकडं."

"मंग बसा. सफारीवाल्याइचा भाव येगळा हाय."

कमलच्या घरी पोचलो तेव्हा जेवण तयार होतं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि सोले-वांग्याची भाजी (सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे). कमलला नवरा नाही. साडू गेला त्याला बराच काळ झाला. घरात तिचा मुलगा गजानन आणि सून सविता. गजू शेती करतो. सविता जंगलाच्या गेटावर गाईड आहे. गाईड म्हणजे जिप्सी गाडीत पर्यटकांसोबत बसून त्यांना जंगल दाखवायचं. गावातल्या मुलामुलींना वनखात्याने ते शिकवलं आहे आणि पाळीपाळीने काम मिळतं. ती खाकी कपडे घालते, पायात बूट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हवालदारच आला.

जेवण होतं न होतं तोच कमलने गाठोडं सोडलं. वरची साडी उचलून नाकाला लावली आणि कपाळावर हात मारला.

"मायवं! भाऊजी, ह्या तं धुतल्या!"

"मंग का घाणेरड्या आणू?"

"सांगतलं होतं ना तुमाले! डुकराचे डोये अधू असतात, पण नाक लय तिखट. त्याले माणसाचा वास पाह्यजे. हा साबणाचा वास घेऊन थे का पयते? थे म्हणीन, आंघोळीले पाणी काढलं वाट्टे." मग तिची नजर लहान पिशवीवर गेली. "त्याच्यात काय हाय?"

"माहं धोतर."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर पायजमा होता आणि तिने मला धोतरात कधी पाहिलं नव्हतं. पण ती सुमनची बहीण असली तरी सुमन नव्हती. पिशवीला हात लावला नाही.

गजू हात धुऊन आला. "मावसाजी, साड्याइचं राहू द्या. मी वायर आणला हाय. मोटरपंपाच्या लाइनीवरून करंट सोडतो तारेत. येक डुक्कर मेलं का बाकीचे पाय नाई ठेवत." मावसाजी म्हणजे मावशीचा नवरा, तो मी.

सविता चुलीजवळून म्हणाली, "आन् त्या तारेत वाघ आला तं? त्याले का वाचता येते, करंट हाय म्हणून?"

"तुहा वाघ माहे डुक्कर काहून नाई खात?"

"खाते ना. पण तुह्याच वावरातले खाय म्हणून त्याले कोणं सांगाव?"

"तूच सांग. तुही वळख हाय."

मला हसू आलं, पण त्या दोघांना येत नव्हतं. हरभरा तोंडाशी आला होता आणि डुकरं रोज रात्री एखाद्या पट्ट्याची नांगरट करून जात होती. गेटाच्या पैशातला काही हिस्सा गावाच्या समितीला मिळतो. त्यातून समिती शेतकऱ्यांना झटका मशीन देते. त्या तारेला जनावर लागलं की झटका बसतो, मरत नाही. पण मशीनं एकेकाला मिळतात, आणि गजूचा नंबर पीक निघाल्यावर होता. पीक निघाल्यावर कुंपण म्हणजे जेवण झाल्यावर पानात मीठ.

आणि गजूने लाइन जोडली, त्यात वाघ सापडला, तर गजू तुरुंगात, गेट बंद, सविताचं काम गेलं, गावातल्या जिप्स्या उभ्या, गेटाजवळ डबे करणाऱ्या बाया घरी. एका वायरने सगळ्यांच्या पोटावर पाय.

"वाघ मेला तं मी गेटावर काय दाखवू?" सविता म्हणाली. "तुमचं तोंड?"

गजू म्हणाला, "दोन रात्री पाहतो. साड्या बांधा. दुसऱ्या रात्रीबी डुक्कर आलं, तं मी कोणाचं आयकणार नाई."

दुपारी आम्ही साड्या बांधल्या. बांबू रोवले आणि एकेक साडी आडवी ताणली. हिरवी आमच्या गृहप्रवेशाची, पिवळी पोराच्या लग्नातली, एक गुलाबी जी मी आणली होती आणि तिने तोंडावर सांगितलं होतं की हा रंग म्हशीलाही शोभणार नाही. वारा सुटला आणि सगळ्या एकदम फुगल्या. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) अशा ओळीने सुमन उभ्या पाहून माझ्या छातीत धडकी भरली. एकीचं ऐकता ऐकता जन्म गेला होता.

सकाळी पाहिलं तर डुकरं येऊन गेली होती. जंगलातून येणारा नाला जिथे शेताला लागतो तिथून आत शिरली, गुलाबी साडीखालून. सुमनचं त्या साडीबद्दलचं मत बरोबर होतं. हरभऱ्याचे पट्टेच्या पट्टे उपटले होते. गजूने उपटलेलं एक रोप उचलून पाहिलं आणि टाकून दिलं. घरात गेला आणि वायरचं भेंडोळं आणून पंपाजवळ टाकलं.

"अजून येक रात्र बाकी हाय," सविता म्हणाली. तिला गेटावर जायचं होतं. मला म्हणाली, "मावसाजी, चाला माह्यासंग. गाडीच्या पाहुण्यायतलं येक मानूस बिमार पडलं, सीट रिकामी हाय. इथं बसून तुमी आन् हे दोघंबी येकमेकाले पाहत बसान."

असा मी सफारीला गेलो. आयुष्यात जंगलात पुष्कळ गेलो होतो, लाकडं आणायला, मोहफुलं वेचायला. पण बसायला गादी आणि पांघरायला ब्लँकेट मिळालेलं हे पहिलंच जंगल.

जिप्सीत पुण्याचं एक जोडपं होतं. नवऱ्याने पानाफांद्यांचे छापे असलेली टोपी, तसलाच शर्ट, तसलीच पँट घातली होती. जंगलात वाघाला दिसू नये म्हणून. पण त्याच्या हातातला कॅमेरा तोफेएवढा होता आणि तो एक मिनिट गप्प बसत नव्हता. बायको साधी होती, हातमोजे घालून हात काखेत दाबून बसलेली.

गाडी कमलच्या शेताच्या कडेने निघाली. बाई एकदम म्हणाल्या, "अय्या, किती सुंदर! हे काय, पर्यटकांसाठी सजावट केली आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्या बायकोच्या साड्या आहेत."

"आणि त्या कुठे आहेत?"

"वारली."

बऱ्याच दिवसांत कोणी सुमनबद्दल विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी विचारत नाही. सविताने मग त्यांना डुकरांचं सांगितलं, वायरचंही सांगितलं, आपल्याच नवऱ्याचं नाव न लपवता.

"पण मग शेतकऱ्यांनी थोडं समजून घ्यायला हवं ना," नवरा म्हणाला. "वाघ म्हणजे राष्ट्रीय संपत्ती."

मी म्हणालो, "संपत्ती तुमची, आणि डुकरं आमच्याकडे चरायला, असं कसं?"

त्याने टोपी सारखी केली. बाई हसल्या. माणूस वाईट नव्हता. नंतर त्याने मला थर्मासमधला चहा दिला. चहा मात्र वाईट होता.

आत जंगल गार होतं. गवत माणसाच्या कमरेएवढं, पिवळं, दवाने भिजलेलं. चितळं उभी राहून आमच्याकडे पाहायची, वानरं फांदीवरून पाहायची. कोण कोणाला पाहायला आलंय हेच कळत नव्हतं. सविताने एकदा हात वर करून गाडी थांबवली आणि हळूच म्हणाली, "वाघ." आम्ही श्वास रोखून धरला. तोफ तिकडे वळली. बराच वेळ वाघ हलला नाही. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "सवितावैनी, वारूळ हाय थे."

"ऊन पडल्यानं पिवयं दिसलं," सविता म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली. वारुळाचे फोटो तोवर काढून झाले होते.

मग एका वळणावर खरीच आली. कोणी सांगायची गरज पडली नाही. वाघीण रस्त्याच्या मधोमध चालत होती, आमच्याकडे पाठ करून, जशी घरातली बाई अंगणातून परसात जाते. घाई नाही. आम्ही तिथे नसल्यासारखीच. मी ऐकलं होतं, वाघ पाहून माणसाला देव आठवतो. मला काही देव आठवला नाही. मला वाटलं, ढुंगण केवढं आहे.

एका सागाजवळ ती थांबली, शेपटी उभी केली, बुंध्यावर फवारा मारला आणि गवतात शिरली. तोफेने तेवढंच टिपलं. पुण्याला दिवाणखान्यात लावणार असतील तर देव त्यांचं भलं करो.

"आता वास घ्या," सविता म्हणाली. ड्रायव्हरने गाडी हळूहळू त्या झाडाजवळून नेली. "खाली नाई उतराचं. नाक तेवढं बाहीर काहाडा."

मी नाक काढलं, आणि खरं सांगतो, भाताचा वास आला. आमच्याकडचा सुवासिक चिन्नोर तांदूळ शिजत असतो तेव्हा झाकणाखालून येतो तसा. बाईंनाही आला. नवऱ्याला सर्दी झाली होती.

"हा तिचा इलाका हाय," सविताने सांगितलं. "ती आता फिरत फिरत लांब जाईन. लवकर येणार नाई. पण हा वास हाय तोवर दुसरी वाघीण इथं येऊन ठाण मांडत नाई. वास उडाच्या आधी ती येते, परत मारून जाते."

मला पिशवीतली साडी आठवली. सुमनला परत येऊन वास ठेवून जाता येणार नाही, एवढाच काय तो फरक. मी त्या पिशवीला किती दिवस गाठ मारून ठेवणार होतो? उघडली की थोडा वास जायचा. नाही उघडली तरी जातच असणार. ती साडी कोणालाही रोखत नव्हती. नुसता मी तिच्याजवळ ठाण मांडून बसलो होतो.

गेटावर उतरल्यावर बाईंनी गळ्यातला रुमाल सोडला. "हा बांधाल का कुंपणाला?"

सविताने हुंगून पाहिला. "ताई, याले सेंटचा वास हाय. डुक्कर पत्ता इचारत येईन."

बाईंनी मग नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढली. "ही घ्या. पाच दिवस घामात आहे. मला गाडीत बसवत नाही." नवरा काहीतरी म्हणत होता, पण टोपी सविताच्या हातात गेली होती. माझ्या मते त्या माणसाने वाघासाठी केलेलं ते सर्वांत मोठं काम.

दुपारी मी पिशवी घेऊन नाल्याजवळ गेलो. गजू पंपाजवळ उकिडवा बसला होता, पक्कड हातात. मी गाठ सोडली. जांभळी साडी, काठ उसवलेला, पदरावर हळदीचा डाग. खोबरेल तेल, चुलीचा धूर आणि तंबाखूच्या मंजनाचा वास. डॉक्टरने बंद करायला सांगितलेलं मंजन ती शेवटपर्यंत चोरून लावायची.

कमल जवळ आली. "भाऊजी, धोतर मोठं रंगीत हाय तुमचं."

"गप बस आन् टोक धर."

ती टोक धरून उभी राहिली. रडत होती, पण टोक सोडलं नाही. गुलाबी साडी काढून तिथे ही बांधली. माझ्या हाताची गाठ सुटायला लागली तेव्हा गजू उठून आला. त्याने पदर नाकाजवळ नेला.

"मंजन," तो म्हणाला.

"हो."

"मले मारे मावशी, तंबाखू खाल्ला का. आन् स्वतः..." त्याने गाठ आवळली, दुसऱ्या बांबूवरही आवळली. पुण्याची टोपी नाल्याच्या दुसऱ्या काठावर खुंटीला अडकवली. वायर मात्र पंपाजवळ होता तिथेच होता.

सकाळी आम्ही चौघेही गेलो. नाल्याच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, पुष्कळ. साडीपाशी येऊन ते थांबले होते. माती तुडवलेली होती. तिथून ठसे बाजूला वळले आणि धुऱ्याच्या बाहेरून सरळ शेजारच्या शेतात गेले. आमचा हरभरा उभा होता.

शेजारी कमरेवर हात ठेवून बांधावर उभा होता. रात्रीच्या रात्री त्याचं नुकसान झालं होतं.

"बाबा, तुमच्या बायकोनं सारे डुक्कर माह्या वावरात धाडले!"

"ती जिती होती तवाबी माहं आयकत नोती. आता कुठं आयकते."

तो हसला नाही. "हे बरं हाय तुमचं. आता मी बी वायर लावतो."

गजूने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या वायरकडे. काल जे तो बोलत होता तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्याला बहुतेक कसंतरी झालं. सविताने ती वेळ साधली. "तुमी दोघं चाला माह्यासंग, आताच. समितीत सांगू. येकयेकाले मशीन देऊन का उपेग? डुक्कर या वावरातून त्या वावरात जाते. जंगलाच्या कडेची सारी लाइन येकाच खेपेले करा म्हणा. गेटाचा पैसा हाय, तं तो कडेच्या वावराईलेच आधी लागला पाह्यजे. वाघाचा शेजार आपल्याले हाय."

"आन् थे नाई म्हणाले तं?" शेजारी म्हणाला.

"तं मी उद्यापासून गाडीत बसत नाई. बाकीच्या गाईडायलेबी सांगतो. पाहुण्यायले वारूळच दाखवा म्हणा."

गजूने भेंडोळं उचललं. मला वाटलं पंपाकडे जातो. तो घराकडे गेला आणि ते माळ्यावर टाकून आला. मग तिघेही चालत निघाले, पुढे सविता, मागे दोन बाप्ये.

मी दुपारच्या गाडीने परतलो. पिशवी रिकामी होती. घाटात उलटी होते की काय असं वाटत होतं, झाली नाही. वाटेतल्या थांब्यावर भजी घेतली आणि दोन माणसांची घेतली गेली. सगळी मीच खाल्ली.

घरी आल्यावर गावातल्या मंडळींनी विचारलं, वाघ पाहिला का? पाहिला. कसा होता? म्हटलं, चांगला आहे, त्याला कोणाची पर्वा नाही. पर्वा करायचं काम त्याच्या शेजाऱ्यांवर सोडलंय. शहरातली माणसं त्याला पाहायला येतात ते चांगलंच आहे, येऊ द्या. त्यांच्या पैशाने सविताला काम मिळालं, आणि काम मिळालं म्हणून तिच्या बोलण्याला गावात वजन आलं. पण वाघ गेटावर वाचत नाही. तो गजूच्या पंपाजवळ वाचतो, त्याच्या हातात पक्कड असते तेव्हा.

काही आठवड्यांनी सविताचा फोन आला. जंगलाच्या कडेच्या सगळ्या शेतांना मशीन लागलं, शेजाऱ्याच्याही. हरभरा घरी आला. डुकरं साडीने थांबली की पुणेवाल्याच्या टोपीने, यावर मायलेकाचं रोज भांडण होतं, असं म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मावसाजी, जांभयी साडी दवानं, उन्हानं पार विटून गेली. वास बी राह्यला नाई. काहाडून पाठवू काय तुमच्याकडं?"

"कायले? राहू दे. तिले बांधावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडाची सवयच होती."

"पाहुणे इचारतात, ही साडी कायची म्हणून."

"मंग का सांगतं?"

"सांगतो, आमच्या मावशीचा इलाका हाय."

मी फोन ठेवला. सून दारात कपड्यांची बादली घेऊन उभी होती. तिची नजर खुंटीवरच्या रिकाम्या पिशवीकडे गेली, मग माझ्याकडे.

"घे," मी म्हणालो. "आणि हा माझा सदराही घे. डुकरं जवळ येईनाशी झाली आहेत."